विचारायची सोय नसलेला खेळ

त्या खेळाच्या दुसऱ्या भागाची आम्ही दोघांनी नऊ वर्षं वाट पाहिली. तो आला आणि मी तो आठ दिवसांत संपवला. त्याचा राग अजून गेलेला नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळाचा राग इतकी वर्षं धरून बसणं पोक्त माणसाला शोभत नाही, हे मला कळतं. तरी तो आहे.

पहिला भाग आम्हाला चंद्रपूरच्या कॉलेजात मिळाला, नव्वदच्या दशकात. मी मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या धानाच्या खेड्यातला; आमच्या घरात दहावीपुढे गेलेला पहिला मीच. माझा मित्र धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गोंड गावातला. वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहायचो. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये एक असिस्टंट भाऊ होते. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असली की ते आम्हाला आत बसू द्यायचे. चपला बाहेर काढायच्या आणि पंखा लावायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पंख्याने धूळ उडते आणि मशीन बिघडतात, असं त्यांना वाटायचं. ते नसते तर मी कॉम्प्युटरला हात लावला नसता, आणि पुढे त्यावर पोट भरलं नसतं. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

खेळ काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा होता. धुक्यातलं एक बेट, बेटावर दीपगृह, आणि बोट फुटून किनाऱ्याला लागलेला एक खलाशी. तो खलाशी म्हणजे आपण. काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. 'गो नॉर्थ', 'ओपन डोअर'. खेळाला कळलं तर गोष्ट पुढे सरकायची. नाही कळलं तर 'मला समजलं नाही' असं उत्तर यायचं. आम्ही दोघंही मराठी शाळेतले, डिक्शनरी मांडीवर ठेवून खेळायचो. त्या 'मला समजलं नाही'ने मला जेवढं इंग्रजी शिकवलं तेवढं कुठल्याही वर्गाने शिकवलं नाही.

दीपगृहात एक म्हातारा राखणदार खुर्चीत झोपलेला असायचा. त्याच्या डोक्यावर भिंतीला कंदील टांगलेला. पुढे गुहा होती, तेव्हा कंदील लागणार हे उघड होतं. शहरातल्या पोरांनी सरळ 'टेक लॅम्प' टाइप केलं आणि कंदील घेऊन पुढे गेली. माझा मित्र मात्र तिथे अडून बसला. त्यांच्या गावात जंगलातलं मोहाचं एकेक झाड एकेका घराचं ठरलेलं असतं. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असो, त्या घरचं माणूस चार दिवस फिरकलेलं नसो, फुलं जागेवर सडतील पण दुसरं कोणी वेचणार नाही. हवी असतील तर त्याच्या दारात जाऊन विचारायचं. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचा कंदील काढून न्यायला त्याचा हातच होईना.

"अबे, खेळ आहे तो," शेजारच्या मशीनवरचा एक जण हसून म्हणाला. "कंदील काय तुझ्या मामाचा आहे?"

"मामाचा असता तं घेतला असता," मित्र म्हणाला. "ह्या बुढ्याले तं मी ओळखतबी नाई."

तीन शनिवार आम्ही त्या म्हाताऱ्याला उठवण्यात घालवले. 'वेक', 'कॉल', 'हॅलो', सगळं करून झालं. प्रत्येक वेळी तेच, मला समजलं नाही. शेवटी मी डिक्शनरीतून 'आस्क' शोधला आणि पूर्ण वाक्य टाइप केलं: म्हाताऱ्याला कंदील विचार. म्हातारा जागा झाला. म्हणाला, ने बाबा, पण जिन्याखाली तेलाचा डबा आहे तोही ने, कंदिलात आता थोडंच तेल उरलं आहे. शहरातली पोरं दोन महिने गुहेत का अडकली होती ते तेव्हा आम्हाला कळलं. त्यांचा कंदील अर्ध्या वाटेत विझत होता. कुठेतरी दूर परदेशात बसून खेळ लिहिणाऱ्या माणसाने, कोणी विचारून घेणाराही असेल, याची सोय करून ठेवली होती. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नाही.

खेळाच्या शेवटी बोटीत एकाच माणसाची जागा होती. म्हाताऱ्याने आपल्याला बसवलं, बोट ढकलली आणि तो पुन्हा दीपगृहाच्या पायऱ्या चढून गेला. पडद्यावर आलं, त्याची गोष्ट पुढच्या भागात. मित्र खुर्चीतून उठेना.

"येका मानसाले असं सोडून येते का गा कोनी?" तो म्हणाला. "दुसऱ्यात आपन त्याले आनू."

पुढच्याच वर्षी त्याच्या बाबांना लकवा झाला. तो गावी गेला आणि कॉलेजात परत आलाच नाही. पावसाळ्यात धान आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीचं काम, असं त्याचं सुरू झालं. मी पदवी घेतली, मूलला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागलो, माझं लग्न झालं. वर्षातून एकदोनदा तो मूलला यायचा. आमच्यात बोलण्यासारखं कमी कमी होत चाललं होतं. त्याने पावसाचं सांगितलं की मी मान हलवायचो, मी क्लासचं सांगितलं की तो. मग तो चहाचा कप खाली ठेवून विचारायचा, "आला का दुसरा?" मासिकात वाचलेलं मी सांगायचो: पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षी. "बुढा तवरीक जगते का नाई तं काय मालूम," तो म्हणायचा, आणि तेव्हा आम्ही पहिल्यासारखे हसायचो. मला वाटायचं, दोघांनी बसून एकदा त्या म्हाताऱ्याला बेटावरून आणलं की आम्ही पुन्हा त्या खोलीतले दोघं होऊ. हे मी त्याला कधी बोललो नाही. पण मी खेळाची वाट पाहत होतो ती त्यासाठी.

दुसरा भाग निघाल्याचं कळलं तेव्हा मी नागपूरला जाऊन खोक्यासकट आणला. फूटपाथवर कॉपी मिळत होती, पण म्हाताऱ्याकडे चोरीच्या सीडीवरून कसं जायचं? मी मित्राला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, धानाची रोवणी आटोपली की येतो, तोवर उघडू नको. खोकं तीन आठवडे कपाटावर तसंच राहिलं. बायको येता-जाता म्हणायची, "हळद-कुंकू वाहू काय त्याले?"

रविवारी सकाळच्या बसने तो आला. वहिनीसाठी पुरचुंडीत चारोळी आणली होती. हातपाय धुऊन, केस विंचरून तो कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसला, जसा कोणी मुलाखतीला बसतो. मी सीडी घातली.

समुद्र खराच होता. पाण्यावर ऊन चमकत होतं, पक्षी ओरडत होते. माझी बायको पोळ्या सोडून पाहायला आली. मित्र थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "लिवाचं कुठी?"

लिहायचं कुठेच नव्हतं. सगळं माउसवर. खलाशी आता तरणाबांड, चामड्याच्या जाकिटातला, दर वाक्याला विनोद करणारा झाला होता. आपण म्हणजे तो, असं मला एकदाही वाटलं नाही. पहिल्याच झोपडीत एक बाई जाळं विणत बसलेली आणि तिच्यामागे खुंटीला दोर. दोर घेतल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आम्ही बाईवर क्लिक केलं. खलाशाने तिच्या जाळ्यावर काहीतरी विनोद केला, ती म्हणाली, मला काम आहे. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तेच. आम्ही तिच्या हातावर, जाळ्यावर, दारावर, चुलीवर, कोपऱ्यातल्या मांजरीवर क्लिक केलं. झोपडीच्या बाहेर जाऊन परत आलो. मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. दीड तास गेला. दोराविषयी तिला विचारायची कुठे सोयच नव्हती.

जेवणं झाली. पुन्हा बसलो तेव्हा माझं डोकं दुखत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्या खलाशापेक्षा माझ्या मित्राचाच जास्त राग आला होता. एवढ्या लांबून आला, संध्याकाळची बस धरायची, आणि आम्ही अजून पहिल्या झोपडीत.

"खेळच आहे ना गा तो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तं घे तू. मी पाह्यतो."

मी दोरावर क्लिक केलं. खलाशाने तो काढून जाकिटात कोंबला आणि आमच्याकडे पाहून डोळा मारला. बाई जाळं विणत राहिली. मित्राने हात मांडीवर ठेवले आणि त्यानंतर माउस मागितला नाही. पुढच्या घरातून खलाशाने सुरी उचलली, त्यापुढच्या घरातून एका पोराचं खेळणं. तीन वाजता मित्र उठला.

बस स्टँडवर त्याने सांगितलं, "बुढ्यापाशी पोचला का थांबजो. मले सांगजो. मंग येतो मी."

मी त्या आठवड्यात क्लासमधून आलो की खेळायला बसायचो. म्हातारा आता येईल, मग येईल. दीपगृह प्रत्येक चित्रात मागे दिसायचं, पण तिथे जायची वाट नव्हती. क्लिक केलं की खलाशी म्हणायचा, तिथे माझ्या कामाचं काही नाही. मी किती वेळा क्लिक केलं असेल! मधे कुठेतरी एका दुकानदाराने सहज सांगितलं, तो जुना राखणदार ना, तो तापाने गेला मागेच. एक वाक्य. दुकानदारावर परत क्लिक केलं तर तो दोरखंडाचे भाव सांगू लागला. शेवटी खलाशाला खजिना आणि एक मुलगी मिळाली, गाणं वाजलं, बनवणाऱ्यांची नावं वर सरकत गेली. शेकडो माणसं. त्यात पहिला भाग लिहिणारा होता की नाही, ते मला ठाऊक नाही. एवढ्या माणसांत एकालाही आठवू नये की आपण कोणाला तरी शब्द दिला आहे?

हे मित्राला सांगायचं होतं. पण मी सांगितलं नाही. महिन्याभराने त्याची चिठ्ठी त्या बाजूच्या बसच्या कंडक्टरजवळ आली: पोचला का? मी उलट चिठ्ठी दिली: अजून नाही. दिवाळीनंतर पुन्हा आली, मी पुन्हा तेच लिहिलं. मला वाटत होतं, खेळ संपला असं सांगितलं की तो कशाला येईल? वाट पाहतो आहे तोवर तरी काही आहे.

पौषात मी स्वतःच गेलो. तो खळ्यात होता, धानाची चुरणी चालू होती, बैल फिरत होते. त्याने बैल बायकोच्या हाती दिले आणि आम्ही कुडाजवळ बसलो. मी सगळं सांगितलं. ताप, दुकानदार, एक वाक्य.

त्याने विचारलं, "कवा कळलं तुले?"

"तू गेल्यावर. आठ दिवसांत."

"मंग चार महिने काऊन लिवत होता, अजून नाई म्हनून?"

मी म्हणालो, तुला वाईट वाटेल म्हणून. ते खरं नव्हतं आणि ते त्याला कळलं.

"खेळवाल्यायनं केलं ते केलं गा," तो म्हणाला. "त्यायले मी काय मालूम? तुले तं मी मालूम होतो."

मी खेळ बनवणाऱ्यांना बोलायला लागलो. नऊ वर्षं थांबवलं, नुसता रंग चढवला, आत काही ठेवलं नाही. माझं सगळं बरोबर होतं. तो ऐकून घेत होता आणि पायाजवळच्या पेंढ्या सारख्या करत होता. मधेच त्याच्या बायकोने हाक मारली तसा तो उठून बैलांकडे गेला. परत आला तो जेवायला बोलवायलाच. जेवताना त्याने मला दोनदा भात वाढला आणि क्लासमध्ये किती पोरं आहेत ते विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली.

बसपर्यंत तो सोबत आला. माझी पिशवी त्याने आत चढवून दिली, कंडक्टरला म्हणाला, ह्यायले मूलले उतरवून देजा. खिडकीची जागा मला उलट बाजूची मिळाली. मी उठून पलीकडे वाकून पाहिलं, तोवर बस वळली होती.