आमचा बांध फुटला तेव्हा

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. चौलजवळ खाडीकाठच्या एका कातकरी वाडीवर मी कार्यकर्ता म्हणून राहत होतो. आता सगळंच होईल, असं तेव्हा मला मनापासून वाटे. वाडीतल्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांचे बांध घातले होते. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून चिखलाच्या भिंती यांनी रचायच्या, आणि भात जायचं जमीनदार खोताच्या घरी. या वेळी मात्र थोडं पडीक खाजण, भरतीचं पाणी चढणारी खारी जमीन, वाडीलाच मिळालं. बांध कुठून न्यायचा ते वाडीच्या म्होरक्याने, नाइकाने ठरवलं. मी चिखलाच्या पाट्या वाहिल्या आणि मध्येमध्ये भाषणं ठोकली. ती कुणी ऐकत नसे, हे बरंच झालं.

पावसात लावणी झाली. वाडीचं स्वतःचं पहिलं भात. बाया काही काम नसतानाही बांधावर जाऊन उभ्या राहायच्या.

श्रावणातल्या अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. पलीकडून हाकाटी झाली, खोताच्या बांधाला खांड पडली, बांध फुटतोय. आमची झाडून सगळी माणसं फावडी घेऊन तिकडे पळाली. थोड्याच वेळात आमच्या बांधात एका खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागलं. चौघांनी पेंढा आणि चिखल कोंबला असता तर भागलं असतं. मी एकटा कोंबत राहिलो, ओरडत राहिलो, वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेवटी धावत जाऊन माणसांना आणलं. तोवर बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि रोपांचे शेंडेही पाण्याखाली गेले होते.

खोताचा बांध वाचला. संध्याकाळी त्याने सगळ्यांना गूळ वाटला. आमच्या माणसांनी तो मुकाट्याने घेतला, याचा मला भयंकर संताप आला.

जमीन खारावली. दिवाळीनंतर खांड बुजवायची सोडून वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला निघाली. मी नाइकाची वाट अडवली. "त्या दिवशी एकाने तरी मागं थांबायचं होतं," मी जवळजवळ रडत म्हणालो.

त्याने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"दादा, खांड पडली म्हटलं का आमचं पाय खोताच्या बांधाकडंच जातात. ल्हानपणापासनं तसंच हाय. आपला बी बांध हाय, ह्ये कुनाच्या ध्यानातच न्हाय आलं."