काकांच्या मोटारीची कंबर

मद्रासला डॉक्टरकी शिकताना मी ठरवलं होतं: मंगरूळपीरला परतायचं, काकांच्या मोटारीत औषधं भरायची आणि गावोगावच्या बाळंतिणींपर्यंत पोचायचं. परतले, तर मोटार वरातींना भाड्यानं जात होती. "लग्नसराई होऊ दे, मंग घे तू," काका म्हणाले. लग्नसराई काही संपेना. मोटारीचे किस्से मात्र साठत गेले.

*

मोटार महायुद्धाच्या आधीची, उघड्या टपाची. खळगा आला की ती मधोमध वाकायची आणि दारं आपोआप उघडायची. एकदा नवरीची मावशी दाराबरोबर बाहेर झुकली. आत ओढून घेतल्यावर तिनं काकांना विचारलं, "भाऊ, उतराचं ठिकान आलं काय?"

तेव्हापासून काका दारं सुंभानं बांधायला लागले. नवरदेव वरून चढायचा, वरूनच उतरायचा.

*

कापसाच्या जिनिंग कारखान्यातले रहमान मिस्त्री मोटार बघायला आले. त्यांनी मागच्या एका चाकाखाली दगड सरकवला आणि मला दार लावायला सांगितलं. लागेना. दगड काढला, लागलं.

"इंजिन चांगलं आहे, बेटी. कंबर गेली."

कंबर म्हणजे चेसिस. ज्या सांगाड्यावर सगळी मोटार बसते तो. त्याला बाजूनं जाड पट्ट्या ठोकायच्या, मध्ये लोखंडी आडवी पट्टी घालायची, असं ठरलं.

*

बाजारात बातमी गेली आणि जो तो लोखंड घेऊन येऊ लागला. कुणी मोडक्या बंडीच्या चाकाची लोखंडी धाव आणली, कुणी रहाटाचा कणा. माणसानं आपणहून आणलेलं परत पाठवणं काकांच्या स्वभावात नाही. "लावून टाका," ते म्हणायचे.

मिस्त्री मोटारीखालून म्हणाले, "काका, मोटार बनवून राह्यलो का पूल?"

*

मोटार ताठ झाली. दार खट्टकन लागायचं. पहिल्याच वरातीत काका वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून दार उघडून-लावून दाखवायला लागले.

शेवटी नवरदेव म्हणाला, "काका, तिकडं पोरगी वाट पाहून राह्यली."

*

मग आसेगावचा एक शेतकरी धावत आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. मोटार उभी होती, पण आत नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलेला. त्याचं लग्न आसेगावातच होतं. मी बॅग घेऊन त्याच्या शेजारी बसले.

"हे कायले?" काका.

"गाव एकच आहे ना?"

वाटेतल्या नाल्यात मोटार अडली. पूर्वी ती वाकायची, पण चारही चाकं जमिनीला धरून असायची. आता मागचं एक चाक हवेतच फिरत होतं. मी नवरदेवाकडे पाहिलं. चांगला भरलेला गडी होता.

"तुम्ही जरा मागच्या मडगार्डवर बसता का?"

तो बसला. चाक टेकलं. गावापर्यंत आणखी खळगे होते, म्हणून तो तसाच बसून वेशीत शिरला. सासू आरती घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "याले आंधी ओवाळू का आंधी उतरवू?"

बाळंतीण सुटली. मुलगी झाली. संध्याकाळी मी निघाले तेव्हा बाळंतिणीच्या अंगात ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा बघायला जायचं होतं. "आज रिठदची वरात आहे, मोटार मोकळी नाही," काका म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी मिस्त्रींना बोलावून आणलं.

"मधली आडवी पट्टी काढा. चाकं जमिनीला लागू द्या."

"मंग दारं लागनार नाही, बेटी."

"मग आधी दारं काढा."