मरिलाचा साग्वारो

डेल्फिना अँटोनची एकुलती एक लेक, मरिला, तिशीतच गेली आणि वर्षभरात डेल्फिनाचे गुडघेही गेले. टेकडी चढणं संपलं. मरिलाचा साग्वारो तर टेकडीवर! ती जन्मली त्या साली काटेरी झाडाच्या सावलीत डेल्फिनाला सापडलेलं निवडुंगाचं बोटभर पिल्लू. आता कुठं गुडघ्याला लागत होतं. आमच्यात, या वाळवंटातल्या लोकांत, साग्वारोला झाड म्हणत नाहीत, माणूस म्हणतात.

"दादा, ते खणून माझ्या अंगणात आण," तिनं थोरल्या भावाला, बर्नार्डला सांगितलं.

"डोकं फिरलंय का तुझं? खाली सपाटीला एक तरी साग्वारो दिसतो? सगळे वर उन्हाच्या अंगाला उभे आहेत ते काय हवा खायला? अगं, थंडी पाण्यासारखी उतरते आणि तुझ्या अंगणात येऊन बसते."

"मीही तिथंच बसते ना? मेले का मी?"

बर्नार्डनं कपाळावर हात मारला, पण आणून दिलं. बहिणीच्या हट्टापुढं त्याचं कधी चाललंय!

खिडकीतून दिसेल असं तिनं ते लावलं. सकाळी कॉफी ओतताना त्याच्याशी बोलायची. थंडीत दिवस कलला की त्याला मरिलाची गोधडी पांघरायची. पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी दगड झालं, आणि गोधडी पुरली नाही. वसंतात शेंडा काळा पडला. तिनं अंगठा टेकवला तर आत रुतला.

"वर एकालाही धक्का नाही," बर्नार्ड बोलून गेला आणि जीभ चावली.

जूनमध्ये टेकडीवरच्या मोठ्या साग्वारोंची फळं पिकली. बर्नार्डनं पहिलं फळ तिला आणून दिलं. गर खाऊन रिकामं टरफल लाल बाजू आभाळाकडं करून साग्वारोच्या पायाशी ठेवायचं, म्हणजे पाऊस येतो, ही आमची रीत. पण अंगणात तिच्यापाशी आता साग्वारो कुठं होता? टरफल हातात घेऊन ती उठली.

"कुठं निघालीस? झेपायचं नाही तुला!"

ती थांबलीच नाही. बसत, सरकत, रडत चढली. काटेरी झाडाखाली साग्वारो खणून काढलेला तो खड्डा अजून होता. तिनं त्याच्या कडेला टरफल लाल बाजू वर करून ठेवलं आणि धापा टाकत मागोमाग आलेल्या भावाकडं पाहिलं.

"चढता येत होतं की रे मला, दादा."