प्राध्यापकांना शिकवायचं काम

ज्या महाविद्यालयात मी शिकले, तिथेच संगणक प्रयोगशाळेत कंत्राटी निदेशक म्हणून लागले तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. मला तितका आनंद झाला नव्हता. त्या इमारतीत माझ्याकडे कोण कसं बघतं, ते मी विद्यार्थी असताना पुरतं बघून घेतलं होतं.

टाळेबंदी उठून दोनेक वर्षं झाली होती. टाळेबंदीत आमच्या बहुतेक प्राध्यापकांनी ऑनलाइन शिकवलं म्हणजे काय केलं, तर वहीच्या पानांचे फोटो काढून मुलांच्या ग्रुपवर टाकले. आता मूल्यांकन समिती येणार होती आणि तिला प्रत्येक विषयाचे ऑनलाइन धडे बघायचे होते. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"दर शनिवारी दुपारी सगळ्यांना शिकव," ते म्हणाले. "तू यांचीच विद्यार्थिनी. तुला कोणी त्रास देणार नाही."

पहिल्या शनिवारी चौदा जण आले आणि एक सोडून सगळे हाताची घडी घालून बसले. मी पडद्यावर लॉगिन दाखवत होते. वाणिज्य विभागाचे एक सर शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने, "आता हे आपल्याला शिकवणार." 'हे' म्हणजे कोण, ते विचारायची मला गरज नव्हती. आमच्या बौद्धवाडीतली माणसं त्यांच्या बागेत आंबे उतरवायला जायची. मी पुढची स्लाइड लावली.

हेच सर दर शनिवारी म्हणत, "मला त्या मोबाईलमधलं काही कळत नाही." आणि त्याच मोबाईलवर ते आपल्या हापूसचे व्हिडिओ करत, फळ हातात हळूहळू फिरवत, स्वतः माहिती सांगत. ते मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवत. एक माझ्यापर्यंत आला होता. चांगला केला होता. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना म्हटलं, "सर, आंब्याचा व्हिडिओ करता ना, तसाच धड्याचा करायचा." दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर माझ्याविरुद्ध अर्ज होता, वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याचा.

इतिहासाच्या सरांनी तर पहिल्याच शनिवारी विषय संपवला होता. ते बसलेच नाहीत. दारापाशी दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मला बोलता येतं, मुलांना ऐकता येतं. मधे यंत्र कशाला?"

"जी मुलं पोचू शकत नाहीत त्यांना घरी बघता येईल, सर."

"जी येत नाहीत त्यांच्यासाठी मी नाही," असं म्हणून ते निघून गेले.

मीच त्या न येणाऱ्यांतली होते. गावाहून सकाळची एसटी चुकली की दुसरी येईपर्यंत यांचा तास संपलेला असायचा. एकदा बुडालेल्या भागाबद्दल विचारायला गेले, तर "वर्गातलं वर्गात" एवढं म्हणून त्यांनी पेपर वाचायला घेतला होता. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडत नव्हता. त्या शनिवारी मी त्यांचा मनापासून द्वेष केला.

सहाव्या शनिवारी तिघं आले. मग प्राचार्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "सगळ्यांचे पासवर्ड घे आणि त्यांच्या नावाने तूच धडे करून टाक. समितीला कळायचं कारण नाही."

"सर, हे बरोबर होईल का?"

"तुझं कंत्राट जूनपर्यंत आहे ना?"

मी कबूल झाले. तेरा जणांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून हातात दिले. त्यांच्या जुन्या नोट्स मी टाइप केल्या, चित्रं जोडली, चाचण्या तयार केल्या. सोय म्हणून सगळ्यांचे पासवर्ड बदलून एकच ठेवला. इतिहासाच्या सरांनी चिठ्ठी दिली नाही. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं.

"माझ्या नावाने काही टाकलंस?"

"अजून नाही."

"टाकू नको. मी केलं नाही ते माझ्या नावावर नको." मग जरा थांबून म्हणाले, "तुला हे करताना लाज वाटत नाही? मी तुला असलं शिकवलं नव्हतं."

"तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत, सर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "जे आलं ते मी तुमच्या वर्गाबाहेर शिकले."

मी बाहेर पडले आणि प्रयोगशाळेत जाऊन उरलेले धडे टाकायला बसले.

समिती आली. त्यातल्या एका बाईंनी एकेक विषय उघडत नेला आणि इतिहासावर थांबल्या. तिथे काहीच नव्हतं. प्राचार्य माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या निदेशकांकडून राहून गेलं."

इतिहासाचे सर उठले. "तिच्याकडून नाही. ती शिकवत होती, मी निघून गेलो. आणि बाकीचे धडेही ज्यांच्या नावावर आहेत त्यांचे नाहीत. तिने केलेत. कोणालाही लॉगिन करायला सांगा."

बाईंनी वाणिज्यच्या सरांपुढे माऊस सरकवला. सरांनी दोनदा पासवर्ड टाकला, दोनदा चुकला. मग ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

मला बरं वाटायला हवं होतं. तेवढ्या लोकांत माझ्यावरचा आळ पहिल्यांदाच कोणीतरी झटकला होता, आणि त्याच दमात मला चोरही ठरवलं होतं. अहवालात शेरा आला. जूनमध्ये माझं कंत्राट वाढवलं नाही. बाकी कोणाचं काही झालं नाही. इतिहासाचे सर पुढच्या वर्षी हार-नारळ घेऊन निवृत्त झाले.

मी आता सावर्ड्याला संगणक शिकवते. गेल्या दिवाळीत रत्नागिरीच्या स्टँडवर इतिहासाचे सर समोर आले. त्यांनी मला ओळखलं.

"काम आहे का कुठे?" त्यांनी विचारलं.

"आहे. शिकवते."

"मुलं येतात का?"

"येतात. जी पोचत नाहीत त्यांना धडे पाठवते. माझ्याच आवाजात."

त्यांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच हलवली, ते मला कळलं नाही. गणपतीपुळ्याची गाडी लागली आणि ते पिशवी सावरत चढले. मी गाडी सुटेपर्यंत तिथे थांबले नाही.