रुईच्या पानांची माळ

लोकांच्या बायका तुळशीला पाणी घालतात, माझी रुईला घालायची. डोंगरकडा या आमच्या गावी घरामागं कुंपणाला लागून तिनं रुई वाढवली होती. फुलपाखरं आणि पतंग जगवणाऱ्या एका संस्थेचं ती काम करायची. बांधावरची झुडपं जाळू नका म्हणून लोकांच्या मागं लागायचं, कुठं काय दिसलं ते संस्थेला कळवायचं. मी तिला अळ्यांची सुईण म्हणायचो. ती म्हणायची, "हसा तुमी. पण पान तोडाल तर याद राखा."

मग ती आजारी पडली. नांदेडच्या दवाखान्यात न्यायला जीप आली तरी तिचं लक्ष रुईकडंच. पानांखाली हिरवे कोष लटकले होते. "फुलपाखरू निघालं की मला सांगा," म्हणाली. तिच्याजवळ तिची बहीण राहिली, मी येऊन-जाऊन असायचो. घरी असलो की सकाळी तिचा फोन यायचा. मी तब्येतीचं विचारायच्या आत तीच विचारायची, "निघालं का?"

एका शनिवारी नांदेडहून परतलो तर रुईचे नुसते दांडे उभे. शेजारच्या मावशींनी, हिला बरं वाटावं म्हणून, मारुतीला रुईची माळ घातली होती. पानं मुद्दाम हिच्याच हातच्या झाडाची घेतलेली. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "एकेक पान पुसून घेतलं, बाबा. एक बी किडा न्हाई ठिवला."

डोकं असं भडकलं माझं. देव भावाचा भुकेला म्हणतात, त्याला पानांची भूक कधीपासून लागली? पण मावशींच्या बोटांवर चीक वाळला होता आणि रडून डोळे सुजले होते. मी गप घरात आलो.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलंच. तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. पानं मावशींनी माळेला नेली, असं सांगितलं. ती म्हणाली, "मावशीला बोललात तर न्हाई ना? माझ्यासाठीच नेली ओ त्यांनी. रुईचं काय, ती पुन्हा फुटती."

रुई फुटली. ती घरी आली नाही.

आता पाणी मी घालतो. मावशी तिथलं पान तोडत नाहीत. नव्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या, कोष लागले, तशा त्या रोज सकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहू लागल्या. परवा एक कोष रिकामा दिसला. वरच्या दांड्यावर नारिंगी फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं. माझा हात खिशातल्या फोनकडं गेला आणि तिथंच थांबला.

"निघालं का?" मावशींनी कुंपणापलीकडून विचारलं.

"निघालं," मी म्हणालो, आणि तिथंच रुईजवळ खाली बसून रडलो.