नातेवाइकांनी बाहेर थांबावं

त्याला हॉस्पिटलात सगळे पट्टीवाले म्हणत. सव्वीस वर्षं तो लोकांच्या छातीला तारा चिकटवून हृदयाची रेघ कागदाच्या पट्टीवर उतरवत होता. रेघ खोटं बोलत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. पण रेघ काय झालं ते सांगते, कशाने झालं ते नाही. त्यासाठी त्याची एक पद्धत होती. छातीत कळ येणारा कुणी तरणाताठा आला, की तो आधी नातेवाइकांना पाणी आणायला पिटाळायचा. मग मशीनकडे बघत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं विचारायचा, "नाकातून काही घेतलंत?" पाणी येईपर्यंत खरं बाहेर यायचं. ते यावंच लागे. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि नाडी हळू करणारं नेहमीचं इंजेक्शन अशा वेळी उलटू शकतं.

त्या दुपारी टेबलावर त्याचा मेहुणाच होता. चौतीस वर्षांचा, जाहिरात कंपनीतला. अंगाला घामाच्या धारा, पण ऐट शाबूत.

"भाऊजी, ॲसिडिटी आहे हो. उगाच ताईला फोन करू नका."

रेघ काही ॲसिडिटीची नव्हती.

"नाकातून काही?"

"छे! आईची शपथ."

सासूबाईंनी लेकाच्या असल्या शेकडो शपथा पचवून पंच्याहत्तरी गाठली होती. पट्टीवाल्याने पुन्हा विचारलं. मेहुणा छताकडे बघत राहिला. तिकडे डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सिस्टरने ते नाडी हळू करणारं इंजेक्शन भरलंसुद्धा.

तेव्हा कुठे पट्टीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीत एक नातेवाईक उरला होता.

"बाई, दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला. "मी पाणी घेऊन येतो. तेवढ्यात माझा प्रश्न तुम्ही विचारा."

कूलरपाशी तो भरलेला पेला धरून उभा राहिला. इतकी वर्षं आपण किती आयांना आणि बायकांना इथे उभं केलं, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. पाणी भरायला दहा सेकंद पुरतात. बाकीचा वेळ भिंत बघावी लागते.

दार उघडलं. सिस्टर लगबगीने औषधांच्या कपाटाकडे गेली. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये ते भरलेलं इंजेक्शन जसंच्या तसं होतं. तिने त्याला काही सांगितलं नाही. नातेवाइकांना सांगत नाहीत.

तो आत गेला.

"भाऊजी, पाणी आणायला एवढा वेळ?"

"कूलरवर रांग होती," पट्टीवाला म्हणाला, आणि पेला त्याच्या उशाशी ठेवून नवी पट्टी काढायला लागला.