अळणी सोमवार

लांबच्या सायकलिंगला निघताना सोबत खायला-प्यायला काय घ्यायचं, असं हल्ली तालुक्यातली पोरं मला विचारतात. मी सांगतो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी. वाटेत कुणी ताक दिलं तर मीठ टाकून प्यायचं. पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एकीत लिंबू, साखर आणि मीठ. मिठापाशी आलो की माझा आवाज चढतो. पोरांना वाटतं, सर कशावरून तरी चिडले.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., तीही केमिस्ट्री घेऊन. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. माझा मित्र दहावीनंतर घरच्या किराणा दुकानात बसला. तो मला ‘सायन्सवाले’ म्हणून चिडवायचा, पण फवारणीच्या औषधापासून मोबाईलच्या सेटिंगपर्यंत काहीही अडलं की माझ्याकडंच यायचा. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात घेतल्या. दुकान सोमवारी बंद असायचं, म्हणून फिरणं सोमवारीच. तलवाड्याहून पहाटे निघायचं, चकलांब्यावरून शिरूर कासार गाठायचं आणि पुढं डोंगरातल्या मुरमाच्या वाटांना लागायचं.

त्याचं लग्न जमत नव्हतं. त्यासाठी त्याच्या आईनं त्याला सोळा सोमवार धरायला लावले. त्यांच्या घरचे हे सोमवार अळणी. दिवसभर मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. त्याच्या पिशवीत केळी आणि राजगिऱ्याचे लाडू असायचे, माझ्या पिशवीत भाकरी आणि लोणचं. लोणच्याचा वास आला की तो शिव्या द्यायचा.

त्या सोमवारी श्रावण असून पावसाचा पत्ता नव्हता. ऊन अंगाला चिकटत होतं. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, असं मी फोनवर वाचलं होतं. त्याच्या पुढचं वाचलं नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी वाजेल अशी घंटी मी लावली. ती वाजली की मी मागं न बघता ओरडायचो, ‘पी’, आणि तो प्यायचा. हापसा दिसला की बाटल्या पुन्हा भरायच्या. मी मधूनमधून भाकरी खात होतो. तो नुसतं पाणी ढोसत होता, कारण मी सांगितलं होतं.

डोंगर चढून गेल्यावर तो कडुलिंबाखाली बसला. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाला. बोटं सुजली होती, अंगठी रुतली होती. काळा शर्ट पाठीवर मिठानं पांढरा पडला होता. हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी त्याला सांगितलं की पाणी कमी पडलंय.

तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन आला. त्यानं माझ्या मित्राकडं नीट बघितलं, खांद्यावरच्या पिशवीतून खडेमिठाचा तुकडा काढला आणि पुढं धरला.

“चघळ ह्यो. घामातून समदं गेलंय तुझं. मेंढरालाबी देतो आमी.”

मित्राचा हात पुढं झाला. मग तो माझ्याकडं वळला.

“घेऊ का बे?”

मेंढरं राखणारा माणूस मला शरीराचं शास्त्र शिकवतोय, हे मला झोंबलं. तेवढंच कारण होतं. दुसरं कितीही शोधलं तरी सापडत नाही.

“मिठानं तहान वाढती,” मी म्हणालो. “सोमवार कावून मोडतो? पाणी पी.”

त्यानं हात मागं घेतला आणि अख्खी बाटली संपवली. म्हातारा खडा पिशवीत टाकून निघून गेला.

तासाभरात मित्राला उलट्या सुरू झाल्या. तो असंबद्ध बोलायला लागला, मला ओळखेना, मग झटके आले. एका पिकअपवाल्यानं आम्हाला बीडला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, नुसतं पाणी जास्त झालं की असं होतं. पाणी किती पिला, असं त्यांनी विचारलं. ‘थोडंच,’ मी म्हणालो. उपवास होता का? ‘होता. अळणी.’ त्याची आई माझ्या मागंच उभी होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी अजून सायकल चालवतो. मुरमाची वाट लागली की मागून दुसऱ्या सायकलच्या चाकाची टिकटिक येते. मी हळू झालो की तीही हळू होते. मागं बघायचं मी केव्हाच सोडलंय. फोनवरची घंटी काढून टाकली, तरी पंधरा मिनिटं झाल्याचं अंगाला कळतं.

त्याची आई, आमच्या काकू, दोन वर्षं येईल त्याला एकच सांगत होत्या: माझ्या सोमवारानं माझं लेकरू नेलं. महादेवाच्या देवळाची वाटही त्यांनी टाकली. मी समोर बसून ते ऐकायचो आणि चहा घ्यायचो. यंदाच्या श्रावणात एका दुपारी गेलो तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या, आणि पुन्हा तेच सुरू झालं.

“काकू,” मी म्हणालो, “त्यानं मीठ घ्यायला हात पुढं केलता. मीच घेऊ दिलं न्हाई.”

मग सगळं सांगितलं. घंटी, बाटल्या, म्हातारा, डॉक्टरांशी बोललेलं खोटं.

“त्याला माझी भीती न्हाई वाटली?”

“न्हाई. तो घेणारच व्हता.”

काकूंच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. “तसलाच व्हता त्यो. उपासाला दुकानातल्या फरसाणावर हात मारायचा. मला काय कळत नव्हतं व्हय?”

त्यांनी सूप बाजूला सारलं.

“दोन वरसं माझ्या हातचा चहा पिलास,” त्या म्हणाल्या. “ऊठ आता.”

मी उठलो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही, त्यांनीही बोलावलं नाही. काकू पुन्हा देवळात जायला लागल्यात, असं कानावर आलं. आता त्या येईल त्याला माझं नाव घेऊन सांगतात. कुणी मला विचारलंच, खरं आहे का म्हणून, तर मी हो म्हणतो.